मोठा पोपट पाळावा का? मकाव, ग्रे की काकाटू (नागपूर, दोन बेडरूमचा फ्लॅट)

बेसाकर

नमस्कार मंडळी. घरात मोठा पोपट आणायचं चाललंय. ठिकाण बेसा रोड, फ्लॅट स्कीममधला सगळ्यात वरचा मजला, दोन बेडरूम, गॅलरी पश्चिमेला. एका बेडरूममध्ये एसी आहे, हॉलमध्ये कूलर. आम्ही दोघंही नोकरीवर, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा बाहेर. आई दिवसभर घरी असते, तिला दमा आहे. मुलगी सहावीत.

मनात पहिला ब्लू अँड गोल्ड मकाव, नाहीतर आफ्रिकन ग्रे. मुलीला पांढरा काकाटू हवा आहे. शिवाय एक जण पहाडी पोपट स्वस्तात मिळवून देतो म्हणतो. चारपैकी कोणता जमेल, की एकही नाही? नुसतं हो-नाही नको, कारणं सांगा.

कायदेकानू

पहाडी यादीतून आत्ताच काढा. पहाडी, आपला नेहमीचा हिरवा राघू, तुईया हे सगळे भारतीय पोपट आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, यातलं काहीही चालत नाही. पकडला गेलात तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकणारा पावती देत नाही ती याचसाठी.

तर्री_जास्त

काऊन बा? महाल-इतवारीत गल्लोगल्ली राघूचे पिंजरे टांगलेले दिसतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही अन् एवढ्या बेसावाल्या भाऊलेच धरतात का?

कायदेकानू

दिसतात, आणि ते सगळे बेकायदेशीर आहेत. शेजाऱ्याने १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन केला की पथक दारात येतं. पक्षी जप्त होतो आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालयही याच शहरात आहे.

आता परदेशी पोपट. मकाव, ग्रे, काकाटू, ॲमेझॉन, इक्लेक्टस, कोन्युअर हे सगळे सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आली. पाळता येतात, पण नोंदणी करावी लागते. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याचे नियम निघाले. पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा. पुढे पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं.

ग्रेचं प्रकरण आणखी कडक. २०१७ पासून तो परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, म्हणून त्याची पैदास करणाऱ्याकडे परवाना लागतो. तो परवाना बघितल्याशिवाय इसार देऊ नका. स्कार्लेट आणि मिलिटरी मकाव, मोलुक्कन काकाटू हेही परिशिष्ट १ मध्येच. ब्लू अँड गोल्ड मकाव आणि अंब्रेला काकाटू परिशिष्ट २ मध्ये.

घेताना पायातली कडी बघा. अखंड कडी असेल तर ती पिल्लू काही दिवसांचं असताना, पाऊल बारीक असतानाच घालता येते, म्हणून पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा तो बऱ्यापैकी पुरावा. कापून जोडलेली किंवा सैल कडी मोठ्या पक्ष्यालाही घालता येते, तिला फारसा अर्थ नाही. कडीवरचा क्रमांक पावतीवर आणि नोंदणी अर्जात सारखाच हवा.

पाखरूवैद्य

कागदांआधी आईंचा दमा. काकाटू आणि ग्रे या दोघांच्या अंगावर पावडर पिसं असतात. ती सतत झिजतात आणि त्यांचा पांढरा भुगा उडतो. काळ्या टीव्हीवर दोन दिवसांत थर दिसतो, तोच थर फुप्फुसातही जातो. धडधाकट माणसालाही वर्षानुवर्षं त्या भुग्यात राहून फुप्फुसाची ॲलर्जी होऊ शकते. सुरुवात कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप लागण्यापासून होते. दमा असलेलं माणूस दिवसभर त्याच घरात असेल तर काकाटू आणि ग्रे दोन्ही बाद. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राने भुगा कमी होतो, संपत नाही.

मकाव, ॲमेझॉन आणि इक्लेक्टस यांच्यात पावडर फार कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. वाळलेली विष्ठा आणि पिसांचे कण उरतातच.

काहीही ठरवायच्या आधी आईंना, त्यांच्या डॉक्टरांना विचारून, असे पक्षी असलेल्या घरी दोन-तीन तास बसवून बघा, तेही एकदा नव्हे. इनहेलर सोबत ठेवा.

कोराडीचा_कावळा

म्हणजे मकाव उरला असं समजून आनंदू नका. 😀

ब्लू अँड गोल्ड चोचीपासून शेपटीपर्यंत ८० ते ९० सेंमी, वजन साधारण एक किलो, पंख पसरले की मीटरभर. तो सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला ओरडतो. १०० डेसिबलच्या वर. हे वाईट सवयीमुळे नाही, कळपाला हाक देण्याची त्याची पद्धतच ती आहे, आणि ती शिकवून जात नाही. एकूण वेळ कमी करता येतो, आवाजाची पट्टी नाही. फ्लॅट स्कीममध्ये भिंतीला भिंत लागून आहे. पहिल्या महिन्यात शेजारी कौतुकाने बघायला येतील, तिसऱ्या महिन्यात सोसायटीचं पत्र येईल.

दुसरी गोष्ट, नऊ तास घर रिकामं. आई घरी असतात, पण मकावला हाताळायला त्यांना जमणार आहे का? त्या चोचीने अक्रोड फुटतो. घाबरलेल्या किंवा वयात आलेल्या मकावने बोट धरलं तर टाके पडतात. वयात येणं म्हणजे साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षात. तोपर्यंत कुशीत झोपणारं पिल्लू अचानक एकाच माणसाचं होतं आणि बाकीच्यांवर धावून जातं. विकायला काढलेले बहुतेक मोठे पोपट याच वयाचे असतात.

निळीशाई

आयुष्याचंही बघा. मकाव आणि ग्रे नीट सांभाळले तर ४० ते ६० वर्षं. तुम्ही चाळिशीत असाल तर पक्षी तुमच्यामागे उरणार. मुलगी सहावीत आहे, बारावीनंतर पुण्याला गेली तर पक्षी कोणाचा, हे आत्ताच बोलून घ्या. मृत्युपत्रात पक्षी कोणाकडे जाणार आणि त्याच्या खर्चाला किती रक्कम, दोन्ही लिहा. नुसतं नाव लिहून भागत नाही, त्या माणसाला आधी विचारा. आणि वर सांगितलेली हस्तांतराची नोंद तेव्हाही करावी लागेल.

बोलतो म्हणून ग्रे घेणाऱ्यांसाठी थोडं अवांतर. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स नावाचा ग्रे रंग, आकार, संख्या सांगायचा म्हणून जगभर गाजला. पण त्याच्यामागे तीस वर्षांचं रोजचं पद्धतशीर शिक्षण होतं, एक अख्खा चमू होता. आणि तो २००७ साली ३१ व्या वर्षीच गेला. बरेच ग्रे शब्दांपेक्षा कुकरची शिट्टी आणि मोबाइलची रिंगच जास्त शिकतात.

बेसाकर

बापरे. काकाटू बाद, ग्रे बाद, पहाडी बाद. आवाजाचं शेजाऱ्यांशी बोलून बघतो. पण समजा मकावच ठरला, तर पिंजरा गॅलरीत ठेवला तर आवाज आणि भुगा दोन्ही बाहेर राहील ना?

पिंजरे_आणि_दांडे

पश्चिमेची गॅलरी, वरचा मजला, नागपूर. नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ नेहमीचं, २०१३ मध्ये ४७.९ पर्यंत गेलं होतं. दुपारी दोन ते सहा त्या भिंतीला हात लावून बघा. शिवाय मांजर, उंदीर, आणि काही भागात माकडं. गॅलरीला जाळी मारून सकाळी तासभर उन्हात ठेवायला जागा करा, राहायची जागा नव्हे.

पिंजरा घरात, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, स्वयंपाकघराला लागून नको. एक बाजू भिंतीला टेकलेली असावी म्हणजे पक्ष्याला आडोसा वाटतो. मापं लिहून घ्या.

मकावसाठी किमान ३ फूट × ४ फूट बूड आणि ५ फूट उंची. हे किमान आहे, आदर्श नाही. गजांमधलं अंतर १ ते दीड इंच, गज ४ ते ५ मिमी जाड. पातळ गज तो वाकवतो, आणि वेल्डिंग जिथे कच्चं तिथून सुरुवात करतो. इक्लेक्टस किंवा ॲमेझॉनसाठी २ × ३ फूट बूड, ४ फूट उंची, गजांतलं अंतर पाऊण ते एक इंच. अंतर जास्त झालं तर डोकं अडकतं. रुंदी उंचीपेक्षा महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. गोल पिंजरा अजिबात नको.

फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर जस्ताचा मुलामा असलेली जाळी नाकारा. मोठा पोपट गजावरून चढताना चोच वापरतो, जस्त पोटात जातं, आणि हिरवी पातळ विष्ठा, उलटी, अशक्तपणा अशी विषबाधा होते. एक तर ३०४ स्टेनलेस, नाहीतर लोखंडावर चांगलं पावडर कोटिंग, तेही शिशाशिवायचं. कोटिंग सोललेलं दिसलं की तो भाग बदला. दाराला साधी कडी पुरत नाही, मकाव ती उघडतो. स्टेनलेस कुलूप किंवा स्प्रिंगचा हूक लावा. पितळी कुलपात जस्त असतं, ते बाहेरच्या बाजूलाही नको, चोच पोचते.

दांडे दुकानातले गुळगुळीत एकसारखे नकोत, त्याने तळव्याला घट्टे आणि मग फोड येतात. जामाच्या (पेरूच्या), कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या फांद्या आणा, फवारणी न झालेल्या, काटे काढून. घासून धुवा, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. मकावला दीड ते दोन इंच जाडी, इक्लेक्टस-ॲमेझॉनला एक ते सव्वा. एकाच दांड्याची जाडी कमीजास्त असेल तर उत्तम. कण्हेर कधीही नाही.

खेळणी म्हणजे फोडायचं सामान. पाईनचा दोन इंची ठोकळा मकाव एका दिवसात चुरा करतो, म्हणून सुताराकडचे न रंगवलेले, न पॉलिश केलेले तुकडे पोत्याने आणून ठेवा. प्लायवुड नको, त्यात गोंद असतो. सुतळी आणि सुती दोर टाळा, धागे पायाला गुंडाळतात किंवा गिळले तर अन्नपिशवीत गोळा होतो.

उन्हाळी

तापमानावर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. नागपुरात हा प्रश्न पक्षी निवडण्याआधीचा आहे.

पक्ष्याला घाम येत नाही. शरीराचं तापमान मुळातच ४० ते ४२ असतं. ३५ च्या वर त्याची धडपड सुरू होते: चोच उघडी, पंख अंगापासून दूर, गळा भराभर हलतो. या अवस्थेतून गुंगीत जायला वेळ लागत नाही. म्हणून एप्रिल ते जूनचा मध्य पक्षी एसीच्या खोलीत, २६ ते २८ अंशावर. एसीचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. तुमच्याकडे एसी एकाच बेडरूममध्ये आहे, म्हणजे उन्हाळ्यात पिंजरा तिथे. तिथे कोण झोपतं? त्या व्यक्तीने अंधार पडताच दिवा घालवायचा आणि पहाटे ओरडणं ऐकायचं. पोपटाला १० ते १२ तास झोप लागते.

कूलरचं काय? कोरड्या हवेत ओलावा मिळतो ही चांगली बाजू, कारण मे महिन्यात आपली हवा हाड कोरडी असते आणि हे सगळे पावसाळी जंगलातले पक्षी. वाईट बाजू म्हणजे लाकडी गवताच्या ताट्या. गेल्या वर्षीच्या ताट्या, टाकीत शिळं पाणी, आणि बुरशीचे कण थेट खोलीत. ॲस्परजिलोसिस हा पोपटांत नेहमी आढळणारा बुरशीचा आजार आहे, श्वासपिशव्यांत बसतो, लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, औषध महिनोन् महिने. पक्ष्याच्या खोलीत कूलर लावायचाच असेल तर दर हंगामाला ताट्या नव्या, टाकी रोज रिकामी करून आठवड्याला घासायची, आणि बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा अर्धा तास चालवायचा म्हणजे ताट्या वाळतात. पावसाळा लागला की कूलर बंद, आर्द्रता तशीच भरपूर असते.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. तेव्हाची तयारी आधीच हवी. फ्रीजरमध्ये दोन लिटरच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेली की टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याबाहेर, गजापासून वीतभर दूर ठेवा, वरून टेबलफॅन मंद. माठाच्या नव्हे, साध्या नळाच्या पाण्याचा बारीक फवारा पंखांवर आणि पायांवर. बर्फाचं पाणी ओतू नका, धक्का बसतो.

डिसेंबरमध्ये उलट. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता. रात्री पिंजरा तीन बाजूंनी झाका, खिडकीच्या झोताबाहेर ठेवा. हीटर वापरायचा तर तेलाचा रेडिएटर, आणि त्यावर नॉनस्टिक थर नाही ना हे आधी विचारा.

पाखरूवैद्य

नॉनस्टिकचा उल्लेख झालाच आहे तर पुढे नेतो. टेफ्लॉनचा तवा २६०-२८० अंशाच्या वर तापला की निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पोपट काही मिनिटांत मरतो. रिकामा तवा गॅसवर विसरला की एवढं तापमान सहज येतं. तवा, सँडविच मेकर, एअर फ्रायर, इस्त्रीचा तळ, सगळं तपासा. लोखंडी तवा आणि स्टीलची कढई घ्या, दारं लावून भागत नाही.

मच्छर अगरबत्ती, कॉइल, हिट, धूप, कापूर, फिनाईल, रूम फ्रेशनर, नेलपॉलिश, सगळं त्याच वर्गात. घरात संध्याकाळी उदबत्ती लावायची पद्धत असेल तर ती जागा बदलावी लागेल. यावर आईंचं मत आधी घ्या, नंतर भांडण नको. दिवाळीचे चार दिवस खिडक्या बंद, पडदे ओढलेले.

तर्री_जास्त

म्हणजे घर पक्ष्याचं, आपण भाडेकरू. 😄 पण भाऊ, पंख कापले तर छतावरच्या पंख्याची भीती नाही ना?

कोराडीचा_कावळा

पंख कापलेला पक्षीही उडायचा प्रयत्न करतो, नुसता खाली आदळतो. छातीचं हाड फुटतं, शेपटी तुटते. जड अंगाच्या ग्रेमध्ये हे फार दिसतं. आणि अर्धवट कापलेल्या पंखांनी वाऱ्यात तो गॅलरीतून समोरच्या इमारतीपर्यंत जातोच, परत मात्र येऊ शकत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात नायलॉन मांजा असतो, तेव्हा तर सुटलेल्या पक्ष्याचं विचारूच नका.

छताच्या पंख्याचा नियम एकच: पक्षी बाहेर, पंखा बंद, आणि स्विचवर चिकटपट्टी, कारण घरातलं कोणीतरी सवयीने बटण दाबतंच. आता हे उन्हाळी यांच्या मुद्द्याला जोडा. मे महिन्यात पंखा बंद करून पक्षी बाहेर काढायचा म्हणजे तेवढा वेळ एसी हवाच. रोज तीन-चार तास बाहेर काढायचं, म्हणजे विजेच्या बिलात ते धरा.

पिंजरे_आणि_दांडे

पंख कापण्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. नवीन पक्षी, अनोळखी घर, काचेच्या खिडक्या, अशा वेळी जाणकाराकडून दोन्ही बाजूंची बाहेरची चार-पाच पिसं थोडी कमी करून घेतली तर तो अलगद उतरतो, आदळत नाही. पुढच्या पिसं झडण्यात ती परत येतात. एकाच बाजूचा पंख कापणं मात्र चूक.

कोराडीचा_कावळा

जाणकार मिळाला तर. दुकानदार एकच बाजू बुडापर्यंत कापून देतात, म्हणून मी सरसकट नाही म्हणतो. हाकेला येणं शिकवा, ते जास्त कामाचं.

निळीशाई

आहाराचं लिहिते. सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेला पोपट दिसायला गोल गरगरीत, आतून अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी. ग्रेला त्यातून झटके येतात, ॲमेझॉनला यकृतावर चरबी चढते. मुख्य अन्न पेलेट (पोपटांसाठीचं तयार दाणेदार खाद्य), साधारण ६० ते ७० टक्के, उरलेलं भाज्या, थोडं फळ, थोडा सुकामेवा.

एक किलोच्या मकावला दिवसाला ५०-६० ग्रॅम पेलेट, ४०-५० ग्रॅम भाजी, चार-पाच बदाम किंवा अक्रोड. मकावला चरबी इतरांपेक्षा जास्त लागते. ४५० ग्रॅमच्या पक्ष्याला २५-३० ग्रॅम पेलेट, २० ग्रॅम भाजी, एक-दोन बदाम. इक्लेक्टस याला अपवाद, त्याला भाजी-फळ जास्त लागतं आणि जास्तीची जीवनसत्त्वं घातलेल्या पेलेटवर काही इक्लेक्टस बोटं आपटू लागतात, पंख झटकू लागतात.

आपल्या बाजारातलं काय चालतं: कोहळं, गाजर, बरबटी, ढेमसं, शेवग्याचा पाला (यात अ आणि कॅल्शियम दोन्ही), सांभार (कोथिंबीर), मक्याचं कणीस, जाम, पपई, डाळिंब. संत्र्याच्या दोन फोडी चालतात, रोज अर्धं संत्रं नको. भिवापुरी मिरची बिनधास्त द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही, उलट बियांवर तुटून पडतात. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, लसूण, मीठ घातलेलं काहीही नाही. शेंगदाणे टाळा, नीट न वाळवलेल्यांत बुरशीचं विष असतं.

मूग-मटकीला मोड आणताना आठ तास भिजवा, नंतर दिवसातून तीन वेळा धुवा, पांढरं टोक दिसलं की द्या. एप्रिलपासून ते लवकर आंबतं, वास आला की टाका. ओलं अन्न उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त वाटीत नको.

बियांवरून पेलेटवर आणताना घाई जिवावर बेतते, पक्षी न ओळखलेलं अन्न खात नाही, उपाशी राहतो. सकाळी ओलसर पेलेट, मग दिवसातून दोन वेळा वीस-वीस मिनिटं बिया, बाकी वेळ पेलेट समोर. रोज सकाळी पहिल्या विष्ठेनंतर, खाण्याआधी, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर वजन. मूळ वजनाच्या ५ टक्के उतरलं तर बिया वाढवा, १० टक्के उतरलं तर पशुवैद्य. पोपट आजार लपवतो, काटा मात्र दाखवतो.

बेसाकर

सगळं घरी वाचून दाखवलं. मकाव नको, यावर आता एकमत आहे. आवाजाचं कारण खालच्या मजल्यावरच्या काकांनीच बोलून दाखवलं. इक्लेक्टसचा उल्लेख दोघातिघांनी केलाय. आमच्यासारख्या घराला तो कसा? आणि पिल्लू आणून स्वतः भरवलं तर जास्त लळा लागतो म्हणतात, ते खरं का?

पाखरूवैद्य

दुसऱ्याचं आधी. नाही, भरवायचं पिल्लू आणू नका. पातळ अन्न ३९ ते ४१ अंशांना द्यावं लागतं. ४३ च्या वर गेलं तर अन्नपिशवी आतून भाजते, काही दिवसांनी तिला भोक पडून अन्न बाहेर येतं. थंड झालं तर पिशवीत आंबतं. घाईत श्वासनळीत गेलं तर जागेवर मृत्यू. आणि लळा त्यावर अवलंबून नसतो, सुटं खायला लागलेला पक्षीही हळूहळू माणसाळतो. पूर्ण सुटं खाणारा, वजन स्थिर असलेला पक्षीच घ्या. ग्रे आणि इक्लेक्टस किमान चार महिन्यांचे, मकाव पाच. विक्रेता 'दोन वेळा भरवलं की झालं' म्हणत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

इक्लेक्टस नर हिरवा, मादी लाल, त्यामुळे नर-मादीसाठी डीएनए चाचणी लागत नाही. बाकी बहुतेक मोठ्या पोपटांत ती लागते. नर घ्या. मादी वयात आली की कपाटाखाली, कार्टनमध्ये घरट्याची जागा शोधते आणि राखते. नर तुलनेने शांत, वजन चारशे ते साडेपाचशे ग्रॅम, आयुष्य तीस वर्षांच्या पुढे, पावडर कमी. आवाज आहे, पण मकावसारखा सतत नाही. पाठीवर, पंखाखाली कुरवाळू नका, त्याला तो जोडीदाराचा स्पर्श वाटतो. डोकं आणि मान एवढंच. मुलीलाही हे सांगून ठेवा.

आल्यावर महिना ते दीड महिना वेगळ्या खोलीत. त्या काळात विष्ठेची तपासणी, पीबीएफडी, पॉलिओमा आणि क्लॅमिडिया या संसर्गांची पीसीआर चाचणी. क्लॅमिडिया माणसालाही होतो, ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. दम्याच्या पेशंटला ते महागात पडतं. घरात कोणाला असा ताप आला तर डॉक्टरांना 'घरी पोपट आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा, औषध वेगळं असतं.

पशुवैद्य पक्षी घेण्याआधी ठरवा. कुत्र्या-मांजरांचे बहुतेक डॉक्टर पक्ष्याचं रक्त काढत नाहीत. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण पक्षी बघणारे कोणत्या दिवशी असतात हे फोन करून मगच जा. तिथेच शेजारी असलेलं वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जखमी वन्यप्राण्यांसाठी आहे, पाळीव पोपट तिथे नेऊ नका.

उन्हाळी

वेळेचंही ठरवा. आत्ता मार्चमध्ये आणला तर नवीन जागा, नवीन माणसं आणि पुढच्या महिन्यात ४३ अंश, असं सगळं एकदम येतं. दिवाळीचे फटाके संपले की आणा. थंडीत रात्री झाका, मे येईपर्यंत पक्षी रुळलेला असतो, आणि एसीच्या खोलीत पिंजरा हलवायची तालीमही होते. तोवर हा उन्हाळा त्या बेडरूममध्ये थर्मामीटर टांगून दुपारी किती चढतं ते बघा. एसी असूनही वरच्या स्लॅबमुळे ३० च्या खाली येत नसेल तर आधी छताला पांढरा कोट मारा.

तर्री_जास्त

अन् मुलीले तोवर काय सांगायचं? सात-आठ महिने लय झाले.

कोराडीचा_कावळा

तिला तोवर कामाला लावा. रोज सकाळी सहाला उठून वाटी धुणं, भाजी चिरणं, ट्रेमधला कागद बदलणं, हे सगळं रिकाम्या पिंजऱ्यासाठी करायला लावा. महिनाभरात कंटाळली तर बरंच झालं. आणि तिला फक्त सोबत हवी असेल तर कॉकॅटिएल आहे: ८०-१०० ग्रॅम, पंधरा-वीस वर्षं, आवाज सोसणारा, सायटिसच्या यादीत नाही. पण पावडर त्यालाही असते, तेव्हा आईंची चाचणी त्याच्यासाठीही करावी लागेल.

कायदेकानू

एक सुटलं. इक्लेक्टस परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे ३० दिवसांची नोंदणी त्यालाही. विक्रेत्याच्या स्वतःच्या नोंदणीची प्रत पैसे देण्याआधी मागा. त्याच्याकडे ती नसेल तर तुमच्या अर्जात पक्षी कुठून आला हा रकाना भरता येणार नाही.

बेसाकर

ठरलं ते लिहितो. या रविवारी आईला घेऊन एका इक्लेक्टसवाल्या घरी जातोय, डॉक्टरांशी बोलणं झालं आहे. बेडरूममध्ये थर्मामीटर आजच लावला. नॉनस्टिक तवे बायकोने शेजारच्या ताईंना देऊन टाकले. आईला त्रास झाला नाही तर नोव्हेंबरमध्ये नर इक्लेक्टस, झाला तर काहीच नाही. पिंजऱ्याचं माप २ × ३ × ४ धरून फॅब्रिकेटरकडून ३०४ स्टेनलेसचा भाव काढतो. गज किती मिमी सांगू?

पिंजरे_आणि_दांडे

इक्लेक्टसला ३ मिमी पुरे. अंतर पाऊण इंच सांगा आणि जोड आतून घासून घ्यायला लावा. ट्रे जाळीच्या खाली चार इंच ठेवा म्हणजे विष्ठेपर्यंत चोच जाणार नाही. अन्नाच्या वाट्यांची दारं बाहेरून उघडणारी करा, आईंना पिंजऱ्यात हात घालावा लागणार नाही.